धाकट्याची शाळा

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्यांना सगळे ब्रेकराव म्हणत. हे नाव कामावरून पडलेलं नव्हतं, बोलण्यावरून पडलं होतं. त्यांना काहीही विचारा, अगदी ‘चहा घेणार का’ एवढंच विचारा, ते आधी थांबायचे. विचारणारा कंटाळून दुसरीकडे बघायला लागला की मग म्हणायचे, “घेऊ.” नव्याने लागलेल्या पोरांना वाटायचं, यांना कमी ऐकू येतं. जुने लोक समजावायचे, “ऐकू सगळं येतं. पण लिफ्ट मजल्याला नीट लागल्याशिवाय दार उघडत नाही.”

कामात मात्र हा स्वभाव उपयोगी पडायचा. लिफ्टमध्ये माणूस अडकला की बाहेर जमलेली मंडळी नुसता गिल्ला करतात आणि आतल्याचा जीव अर्धा करतात. ब्रेकराव आले की पिशवी खाली ठेवायचे, दाराच्या फटीला तोंड लावायचे आणि आतल्या माणसाला सांगायचे, “मी आलोय. दोर चांगले आहेत, लिफ्ट कुठेही पडत नाही. मी वर जाऊन हाताने खाली घेतो.” एवढंच. पण ते इतकं सावकाश सांगायचे की आतल्याला वाटायचं, याला घाई नाही म्हणजे खरंच काही झालेलं नाही.

बायको रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती. रक्त काढायचं काम. तिचा मार्ग उलटा. ती समोरच्या माणसाला घर, मुलं, गुडघे, शेजारी अशा गप्पांत गुंतवायची, आणि त्याने ‘आता टोचणार का’ असं विचारेपर्यंत कापूस दाबून मोकळी झालेली असायची. लग्न झालं तेव्हा तिच्या भावाने तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, “अगं, हा बोलतो तरी का?” ती म्हणाली होती, “दादा, दोघांनी बोलून घर कसं चालेल?”

या दोघांना जुळं झालं. आधी मुलगी, काही मिनिटांनी मुलगा. त्या काही मिनिटांवर मुलीने आयुष्यभराचं मोठेपण वसूल केलं. घरात तिला थोरली आणि त्याला धाकटा म्हणत, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, दोघांत निदान तीन-चार वर्षांचं अंतर असणार. थोरलीला आईची जीभ मिळाली होती. धाकट्याला बापाचा ब्रेक.

धाकट्याला बोलण्याचा काही दोष नव्हता. दोनदा दाखवून झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, कान ठीक, जीभ ठीक, डोकं उत्तम, घाई करू नका. पण घाई न करणं थोरलीच्या रक्तात नव्हतं. दुकानदाराने विचारलं, “काय हवं बाळ?” की ती सांगायची, “त्याला निळी वही हवी, लाल नको.” डॉक्टरांनी विचारलं, “कुठे दुखतंय?” की ती सांगायची, “पोटात, डाव्या बाजूला, आणि त्याने सकाळी काही खाल्लं नाही.” आणि खरी गोष्ट अशी की तिचं कधी चुकायचं नाही. धाकट्याला निळीच वही हवी असायची आणि डाव्याच बाजूला दुखत असायचं. वर्गात बाईंनी त्याला प्रश्न विचारला की बाईंची नजर आपोआप शेजारी बसलेल्या थोरलीकडे वळायची. सगळ्यांचं काम त्यामुळे सोपं होत होतं. वर्षानुवर्षं असंच चाललं, आणि कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

गाडं अडलं पाचवीच्या शेवटी. दोघांची शाळा पाचवीपर्यंतच होती. पुढे मुलामुलींची एकत्र अशी एक शाळा होती, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथे एकेका बाकावर चौघं बसत. बाकी सगळ्या शाळा मुलींच्या वेगळ्या, मुलग्यांच्या वेगळ्या.

थोरलीचा प्रवेश एका दुपारीत झाला. आईच्या रुग्णालयाच्या रस्त्यावरच मुलींची चांगली शाळा होती. आई जेवणाच्या सुट्टीत गेली, प्रवेश घेऊन आली आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, “एक झालं.” मग सगळं घर धाकट्याच्या मागे लागलं.

मुलग्यांच्या खासगी शाळा दोन होत्या. एक टेकडीवरची. दगडी इमारत, मोठं मैदान, शिस्तीबद्दल नावाजलेली. दुसरी बेकरीमागची. लहानशी, दुमजली, शेजारच्या बेकरीच्या भट्टीमुळे दिवसभर भाजलेल्या पावाच्या वासात बुडालेली. फी दोन्हीकडे सारखीच होती, म्हणजे त्या बाजूनेही निर्णय सोपा व्हायला तयार नव्हता.

टेकडीवरच्या शाळेचे वकील घरातच होते. मुलांचा मामा त्या शाळेचा माजी विद्यार्थी. विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता, केस विरळ झाले होते, पण शाळेचा विषय निघाला की अजून ताठ बसायचा. त्या शाळेच्या दर्शनी दालनात लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव होतं, रिले शर्यतीसाठी. चौघांपैकी तिसरा धावणारा. तो बहिणीच्या खनपटीलाच बसला.

“अगं, तिथे मुलगा घडतो,” मामा म्हणाला. “दर शनिवारी एकेकाला स्टेजवर उभं करतात. बोलावंच लागतं. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा पाय लटपटत होते. आणि आता बघ.”

“आता तुम्हाला खाली बसवायला माणूस लागतो,” ब्रेकराव म्हणाले. पण ते इतकं थांबून म्हणाले की तोपर्यंत मामा मैदानाच्या वर्णनात पोचला होता.

बायकोला मामाचं पटत होतं. “जन्मभर का बहीण त्याच्याबरोबर फिरणार आहे?” ती म्हणायची. “कुठेतरी त्याला तोंड उघडायला लागलं पाहिजे.” ब्रेकरावांना ते शनिवारचं स्टेज नकोच होतं. ते स्वतः लहानपणी एका कवितेच्या दुसऱ्या ओळीवर अडकून तसेच उभे राहिले होते, शेवटी बाईंनी हात धरून खाली आणलं होतं. ते काही त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त म्हटलं, “दोन्ही बघू.”

थोरलीने मात्र बघायच्या आधीच निकाल लावला. “बेकरीमागचीच बरी,” ती म्हणाली. “माझी शाळा त्याच रस्त्यावर आहे. एकाच बसने जाऊ. संध्याकाळी मी त्याच्या फाटकाशी थांबेन.”

धाकटा काही बोलला नाही. त्याने काही बोलावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

टेकडीवरच्या शाळेत पालकांना शाळा दाखवायचा दिवस होता. चौघंही गेले. थोरलीला घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता, तिने ऐकलंच नसतं. फरशी अशी पुसलेली की आईने नकळत आपल्या चपलांकडे पाहिलं. नववीतला एक मुलगा त्यांना फिरवत होता. त्याचं सगळं बोलणं पाठ केलेलं होतं, आणि मध्येच कोणी प्रश्न विचारला की तो आधीच्या वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा म्हणायचा. सोनेरी अक्षरांचा फळा त्याने दाखवला. मामाचं नाव सापडलं. त्यातलं एक अक्षर उडालं होतं.

उपमुख्याध्यापकांच्या खोलीत फक्त आईवडील आणि मुलगा, असा नियम होता. थोरलीला बाहेरच्या बाकावर बसवलं. ती बसली, पण तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

उपमुख्याध्यापक उंच, कडक इस्त्रीचे, आवाज मात्र मऊ. त्यांनी धाकट्याला विचारलं, “तुला काय करायला आवडतं?”

धाकट्याने टेबलाकडे पाहिलं. खोलीत पंखा फिरत होता. उपमुख्याध्यापक वाट बघत राहिले. त्यांनी पेन खाली ठेवलं, हात बांधले आणि आणखी वाट बघितली. ब्रेकरावांच्या कानशिलांवरून घाम उतरायला लागला. तेवढ्यात बायको म्हणाली, “त्याला वस्तू उघडून बघायला आवडतात. घड्याळ, रेडिओ.” आणि ब्रेकरावही, सहसा न बोलणारे, तिच्या पाठोपाठ म्हणाले, “आणि पळायला.” धाकट्याने आईकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि पुन्हा टेबलाकडे.

“हरकत नाही,” उपमुख्याध्यापक म्हणाले. “इथे बोलायला लागेल. लागतंच.”

ब्रेकरावांना ते धमकीसारखं वाटलं. बायकोला हमीसारखं.

बेकरीमागच्या शाळेत कोणी फिरवायला नव्हतं. मुख्याध्यापक स्वतः वर्गावर होते, तास संपवून आले, हाताला खडू तसाच. बुटके, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्यांनी धाकट्याला काही विचारलंच नाही. मागच्या खोलीत काही मुलं एका मोडक्या पंख्याची मोटर उघडून बसली होती, तिथे त्याला नेऊन सोडलं आणि आईवडिलांशी बोलायला लागले. थोरलीला कोणी बाहेर बसवलं नाही. ती भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्या मुलांना सांगायला लागली, “त्याला कळतं हे. त्याला तो स्क्रू काढू द्या.”

“तो फारसा बोलत नाही,” ब्रेकरावांनी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं.

“नाही बोलला तरी चालेल,” मुख्याध्यापक म्हणाले. “आमच्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांचाच त्रास आहे.”

ब्रेकरावांचा जीव भांड्यात पडला. या खुर्चीवर आपणच पाचवी पास होऊन बसलो आहोत असं त्यांना वाटलं. घरी जाताना बसमध्ये त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते बायकोने बघितलं. मुलं पुढच्या बाकावर होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, “तुमचं ठरलं ना?”

ब्रेकराव थांबले. मग म्हणाले, “चांगली शाळा आहे.”

“तुम्हाला तो बोलायला नको आहे. तुम्हाला तुमच्यासारखा आणखी एक हवा आहे घरात.”

हे त्यांना लागलं. उतरायची जागा आली तसे मुलांना हाक मारून ते उठले.

पुढचे काही दिवस घरात हेच भिजत घोंगडं. मामाचा रोज फोन. बायको डबा भरताना, कपडे वाळत घालताना त्याच विषयावर यायची. ब्रेकराव हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. थोरली बेकरीमागच्या शाळेची बाजू अशी लढवत होती की मामाने तिला एकदा फोनवरच सांगितलं, “तू विम्यात ये.” दोन्ही शाळांनी जागा राखून ठेवली होती, पण आठवडाअखेर काय ते कळवा असं बजावलं होतं.

त्या रविवारी बायकोची रुग्णालयात ड्यूटी होती आणि थोरली मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. ब्रेकराव धाकट्याला बूट घ्यायला घेऊन निघाले. शाळा कुठलीही असो, काळे बूट लागणारच होते. दुकानात शिरणार तेवढ्यात कंपनीचा फोन आला. जवळच्याच एका इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत एक वयस्कर बाई एकट्या होत्या, आणि त्या भागात दुसरं कोणी मोकळं नव्हतं. बूट राहिले. बाप-लेक तिकडे गेले.

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली होती. ब्रेकरावांनी फटीला तोंड लावून नेहमीची वाक्यं म्हटली. आतून आजींचा आवाज आला, “ते ठीक आहे हो, पण मला बंद जागेत कसंतरी होतं. कोणीतरी बोलत राहा.”

आता पंचाईत अशी होती की जुन्या बनावटीच्या त्या यंत्राला वर दोन माणसं लागत. एकाने ब्रेकचा दांडा उचलून धरायचा, दुसऱ्याने चाक हाताने फिरवायचं. इमारतीच्या रखवालदाराला वर न्यावंच लागणार होतं. रविवारची दुपार, बाकीच्या घरांची दारं बंद. दाराशी थांबायला फक्त धाकटा होता.

“आजींशी बोलत राहशील?” ब्रेकरावांनी विचारलं. विचारलं आणि त्यांनाच वाटलं, हे आपण कोणाला सांगतोय. पण धाकट्याने मान हलवली.

वर यंत्राच्या खोलीत उकाडा होता. मुख्य खटका बंद करून ब्रेकरावांनी चाक फिरवायला घेतलं, रखवालदाराने दांडा धरला. इंच इंच करत लिफ्ट खाली सरकत होती. दोरावरची पांढरी खूण जागेवर आली तसा त्यांनी ब्रेक लावायला सांगितला आणि रखवालदाराला तिथेच थांबवून ते जिन्याने खाली निघाले. शेवटच्या वळणावर आले आणि त्यांचं पाऊल आपोआप थांबलं.

धाकटा बोलत होता. दाराच्या फटीला तोंड लावून, बापासारखाच सावकाश, मध्ये मध्ये थांबत, पण बोलत होता.

“…मग त्या सरांनी मला विचारलं, तुला काय आवडतं. मला सांगायचं होतं की मला नकाशे आवडतात. पण मला वाक्य तयार करायला वेळ लागतो. ते सर थांबले होते. ते आणखी थांबले असते. पण आईने सांगितलं, घड्याळ. बाबांनी सांगितलं, पळायला. मग माझं राहिलं.”

“मग आता कुठल्या शाळेत जायचं म्हणतोस?” आतून आजींनी विचारलं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आजीही थांबल्या. त्यांना तरी दुसरं काय करता येणार होतं.

“टेकडीवरच्या,” धाकटा म्हणाला. “तिथली बस वेगळी आहे. दुसऱ्या शाळेत बहीण पण त्याच रस्त्याला येणार. ती चांगली आहे. ती मला काय हवं ते बरोबर सांगते. पण मग मी कशाला बोलू? मी सुरू करतो आणि वाक्य ती संपवते.”

“तिला सांगितलंस का हे?”

“नाही. मी सांगायला लागलो की तेही तीच संपवेल.”

आजी आत हसल्या. ब्रेकराव जिन्यात कठड्याला धरून उभे होते. लिफ्ट मजल्याला लागलेली होती, आजींना बाहेर काढायला हवं होतं, आणि त्यांचा पाय उचलत नव्हता. शेवटी ते खोकले, खाली आले, किल्लीने दार उघडलं. आजी काठी टेकत बाहेर आल्या, त्यांनी ब्रेकरावांचे आभार मानले आणि धाकट्याकडे बघून म्हणाल्या, “मुलगा छान बोलतो तुमचा.”

परत येताना बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, “नाडीचे की बिननाडीचे?” आणि ब्रेकरावांच्या ओठांवर आलेलं उत्तर त्यांनी गिळलं. दुकानदार त्यांच्याकडे बघत राहिला. ते बुटांकडे बघत राहिले. काही वेळाने धाकटा म्हणाला, “नाडीचे.”

संध्याकाळी सगळी घरी आली. चहा झाला. बायकोने विषय काढायच्या आत ब्रेकरावांनीच काढला, त्यामुळे सगळ्यांनी कप खाली ठेवले.

“आपण याला विचारू,” ते म्हणाले.

“बेकरी…” थोरलीने सुरुवात केली.

“थांब,” ब्रेकराव म्हणाले. बायकोने तोंड उघडलं तशी तिच्याकडे बघूनही त्यांनी हात वर केला. “आपण सगळे थांबू.”

आणि सगळे थांबले. बायकोला ते फार जड गेलं. तिने टेबलावरचा साखरेचा कण न् कण बोटाने गोळा केला. थोरली ओठ दाबून बसली होती. धाकट्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, कोणीच बोलत नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, “टेकडीवरची.”

“का?” आईने विचारलं.

“बस वेगळी आहे.”

आईला काही कळलं नाही. थोरलीला त्याच क्षणी कळलं. त्याचं तिला नेहमीच सगळ्यांच्या आधी कळायचं. ती उठली, तिने आपला कप धुतला, पालथा घातला आणि आत गेली.

बायको जिंकली होती, पण मुलाने ज्या कारणाने तिला जिंकवलं ते तिचं नव्हतं. ब्रेकरावांनी मुलं झोपायच्या खोलीत गेल्यावर तिला जिन्यातलं सगळं सांगितलं. इतकं लांबलचक ते लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असतील. ती ऐकून म्हणाली, “घड्याळ मी म्हटलं. खरंच मी म्हटलं.”

दुसऱ्या दिवशी मामाला कळवलं. त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. हा निर्णय आपल्याच आग्रहामुळे झाला असं तो आजही चारचौघांत सांगतो, आणि त्याला खरं सांगायचं कोणाच्या मनात आलं नाही.

बेकरीमागच्या शाळेला फोन करून नाही म्हणता आलं असतं. पण ब्रेकराव कामावरून वाट वाकडी करून स्वतः गेले. मुख्याध्यापक फळा पुसत होते. ब्रेकरावांनी सांगितलं, मुलाने दुसरी शाळा निवडली, जागा अडवून ठेवली याबद्दल क्षमा करा.

“अहो, चांगलं झालं,” मुख्याध्यापक म्हणाले. “त्या दिवशी मला दिसलंच होतं. शाळा तुम्हाला आवडली होती.” मग त्यांना बेकरीतून गरम पाव आणून खायला घातला. दोघं बाकावर बसून, फारसं न बोलता, तो खात राहिले. पुढे कितीतरी वर्षं ब्रेकराव त्या भागात काम निघालं की तिथे डोकावत. मुलगा नाही तर नाही, बापाने ती शाळा सोडली नाही.

घरात मात्र वेगळंच संकट उभं राहिलं. थोरली बोलेनाशी झाली. रुसवा म्हणावा तर आदळआपट नाही, रडणं नाही. विचारलं तेवढ्याला उत्तर. दोघं जुळी भावंडं एका टेबलाशी बसून मुकाट जेवायची, आणि आई एकटीच तीन माणसांचं बोलणं बोलायची. शेवटी ब्रेकराव एका दुपारी गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असलेल्या थोरलीजवळ गेले. ते चिमटे गोळा करायला लागले.

“मी त्याच्यासाठीच बोलायचे,” बऱ्याच वेळाने थोरली म्हणाली. “त्याला आवडायचं.”

“आधी आवडत असेल.”

“मग मला का नाही सांगितलं?”

ब्रेकरावांनी विचार केला. “त्याच्या वतीने सांगायचं काम तुझ्याकडे होतं,” ते म्हणाले. “तुला सांगायला त्याच्याकडे कोणी नव्हतं.”

थोरलीला हसू आलं, आणि ते आलं म्हणून रडूही आलं. नाक पुसून ती म्हणाली, “त्याला दोन शाळा दाखवल्या. चौघं जाऊन आलो. मला एक तरी दाखवलीत का? आई जेवणाच्या सुट्टीत गेली आणि ‘एक झालं’ म्हणाली.”

ब्रेकरावांच्या हातात चिमटे तसेच राहिले. हे खरं होतं, आणि त्यांच्या डोक्यात ते एकदाही आलं नव्हतं. मुलगी बोलकी, तिला काही हवं असेल तर ती सांगेलच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती तर सगळा वेळ भावाचंच सांगत होती.

त्याच आठवड्यात त्यांनी रजा घेतली आणि थोरलीला घेऊन मुलींच्या शाळेत गेले. फक्त दोघं. तिने सगळं पाहिलं. प्रयोगशाळा, मैदान, ग्रंथालय. ग्रंथालय मधल्या सुट्टीत बंद असतं हे कळल्यावर तिने मुख्याध्यापिकांना विचारलं, मग ते उघडं कधी असतं. वर्ग चालू असताना, असं उत्तर आलं. “म्हणजे कोणालाच जाता येत नाही,” थोरली म्हणाली. ब्रेकराव खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “मग? दुसरी बघायची का?” थोरली म्हणाली, “नको. इथे करण्यासारखं आहे.”

जूनचं पहिलं सत्र दोघांनाही सोपं गेलं नाही. धाकट्याचा शनिवार आला, तो स्टेजवर गेला, नकाशांविषयी दोन वाक्यं बोलला आणि तिसरं वाक्य तयार होईपर्यंत सभागृह हसायला लागलं. त्याला घरी आल्यावर ताप भरला. ब्रेकराव त्याच्या उशाशी बसून म्हणाले, “शाळा बदलू. अजून होईल.” धाकट्याने डोळे मिटूनच मान हलवली. नाही. पुढच्या पाळीला त्याने चार वाक्यं म्हटली. मुलं तेव्हाही हसली, पण कमी, कारण एव्हाना त्यांना त्याच्या थांबण्याची सवय झाली होती. मामा म्हणाला होता तसा तो काही बोलका झाला नाही. त्या शाळेला ते जमलं नाही, आणि खरं तर कोणाला जमलंही नसतं. पण जे बोलायचा ते त्याचं असायचं.

थोरली वर्षभर हरवल्यासारखी होती. संध्याकाळी बसमधून उतरली की तिचा हात सवयीने मागे जायचा, कोणाला तरी धरायला. मग तिला स्वतःच्या मैत्रिणी झाल्या. दोघं भावंडं त्यानंतर दोनेक वर्षं एकमेकांशी जपून बोलत, नव्याने ओळख झालेल्या माणसांसारखी. आईला याचं वाईट वाटायचं. ब्रेकराव म्हणायचे, असू दे.

आता ब्रेकराव निवृत्त झाले आहेत. धाकटा जमीन मोजणीच्या खात्यात आहे, महिनोन्‌महिने बाहेर तंबूत राहतो. थोरली दुसऱ्या शहरात संसार आणि नोकरी सांभाळते. रविवारी सकाळी धाकट्याचा फोन येतो. ब्रेकराव खुर्ची ओढून घेतात, फोन कानाला लावतात, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. बायको भाजी चिरता चिरता विचारते, “अहो, लागला आहे ना फोन?”

ब्रेकराव हाताने तिला थांबायची खूण करतात. पलीकडून धाकटा पुढचं वाक्य तयार करत असतो.